स्लॉथ झाडावर बघायचा, कडेवर नाही

पत्र असं आहे: "ताई, आम्ही डॅलसजवळ प्लॅनोला राहतो. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत कोस्टा रिकाला चाललोय, मी, नवरा, ८ वर्षांची मुलगी आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे. ३ रात्री जंगलालगतच्या ला फोर्तुना गावात, मग २ रात्री राजधानी सॅन होजेला. मुलीला स्लॉथचं, म्हणजे झाडाला लटकून राहणाऱ्या त्या संथ प्राण्याचं, इतकं वेड आहे की बाकी काही नाही दिसलं तरी चालेल म्हणते. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाट रस्त्यावर चालतात पण जिने नको म्हणतात. माझ्यासमोर तीन ऑप्शन आहेत. एक, ला फोर्तुनातच सकाळी अडीच तासांचा गाइडेड वॉक, माणशी ५५ डॉलर. दोन, सॅन होजेहून दिवसभराची बस, मान्युएल अँटोनिओ नॅशनल पार्क, जेवणासकट माणशी १६० डॉलर. तीन, फेसबुकवर एक जण सापडलाय, तो म्हणतो स्लॉथ १०० टक्के गॅरंटी, हातात घेऊन फोटो, माणशी ३० डॉलर. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकाने क्रूझवरून होंडुरासच्या रोआतान बेटावर स्लॉथ कडेवर घेतलेला फोटो मुलीला दाखवला, तेव्हापासून तिला तेच हवंय. नवरा म्हणतो आयुष्यात एकदाच जाणार, मग गॅरंटीवालंच घेऊ. मला आतून ते पटत नाहीये पण नीट सांगताही येत नाहीये. काय करू?"

अगं, आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे तुझी घालमेल थांबेल. पहिला ऑप्शन घे, ला फोर्तुनातला सकाळचा वॉक, फक्त पैसे भरायच्या आधी त्या लोकांना काही प्रश्न विचार, ते खाली सांगतेच. दुसरा तुमच्या घोळक्यासाठी नाही. आणि तिसऱ्याला तर रिप्लायही करू नकोस.

तिसऱ्यापासूनच सुरू करते कारण घरात खरी ओढाताण त्याच्यावरूनच चाललीये. कोस्टा रिकात वन्यप्राण्याला धरून फोटो काढणं, त्याला खायला घालणं याला मनाई आहे, तिथल्या सरकारने २०१९ मध्ये प्राण्यांबरोबरच्या सेल्फीविरुद्ध मोहीम काढली आणि २०२१ मध्ये स्लॉथला देशाचं राष्ट्रीय प्रतीक केलं. त्यामुळे जो माणूस तुला फेसबुकवर हातात स्लॉथ देतो म्हणतोय तो लपूनछपून काहीतरी करतोय हे नक्की, आणि अशा माणसाच्या गाडीत आठ वर्षांची मुलगी आणि दोन म्हातारी माणसं घेऊन मी तरी बसणार नाही. नवऱ्याला एवढं कारण पुरेल कदाचित.

पण तुला आतून जे पटत नाहीये ना, त्याचं कारण कायद्याच्या पलीकडचं आहे आणि ते तुझ्या मुलीलाही कळेल असं आहे. स्लॉथ घाबरला की पळत नाही, ओरडत नाही, तो गोठल्यासारखा गप्प राहतो. झाडावर हार्पी गरुडासारख्या शिकाऱ्यापासून वाचायला त्याला तेवढंच येतं, हलायचं नाही म्हणजे दिसायचं नाही. आता हाच प्राणी अनोळखी माणसाच्या कडेवर दिला की तो तसाच गप्प राहतो, आणि आपण म्हणतो बघा किती शांत आहे, किती माया लावतो. त्यात तीन बोटांच्या स्लॉथच्या तोंडाची ठेवणच अशी आहे की तो कायम हसताना वाटतो, म्हणजे दुखत असेल, भूक लागली असेल, खूप घाबरला असेल तरी चेहरा हसराच. फोटो बघणाऱ्याला काही कळायचा मार्गच नाही. रोआतानच्या फोटोत तुझ्या मुलीला जे हसू दिसलं ते हे हसू.

शिवाय त्याच्या अंगात ताकद जमा व्हायलाच वेळ लागतो. तो बहुतेक पानं खातो, पानांत दम कमी, पचायला दिवसच्या दिवस लागतात, म्हणून तो सगळं जपून खर्च करतो, अंगाची उष्णतासुद्धा. आपल्यासारखं त्याचं शरीर एका तापमानावर राहत नाही, सकाळी ऊन खाऊन तो अंग तापवतो. अशा जिवाला दिवसभर या हातातून त्या हातात फिरवलं, झोपू दिलं नाही, पाहिजे ती पानं मिळाली नाहीत तर त्याचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. आणि फोटोवाल्यांना पिल्लू हवं असतं कारण ते गोड दिसतं. स्लॉथीणीला एका वेळी एकच पिल्लू होतं आणि ते महिनोन्महिने आईच्या पोटाला चिकटून असतं, तेव्हा एकटं पिल्लू कुणाच्या हातात दिसलं तर आई कुठे आहे हा पहिला प्रश्न विचारायचा. लेकीला हा एकच प्रश्न विचारून बघ, रागवायची वेळ येणार नाही.

एक गोष्ट नवऱ्याच्या बाजूने पण बोलते. त्याला भीती आहे की एवढा खर्च करून जायचं आणि लेक रडत परत यायची. ही भीती खरी आहे, त्याला उडवून लावू नकोस. फक्त त्याला हे सांग की स्लॉथ हा वाघासारखा नाहीये. ताडोबाला आपण जातो तेव्हा वाघ रातोरात कितीतरी किलोमीटर चाललेला असू शकतो, काल दिसला म्हणून आज दिसेल असं काही नाही. स्लॉथ काल ज्या झाडावर होता त्याच्या आसपासच आज असतो, फार तर शेजारच्या झाडावर. तिथले गाइड रोज त्याच वाटेवर फिरतात, कुठली मादी कुठल्या झाडाकडे सरकतेय यावर त्यांचं लक्ष असतं, एकमेकांना निरोप देतात. त्यामुळे ला फोर्तुनासारख्या जागी चांगल्या गाइडबरोबर सकाळी गेलं तर स्लॉथ दिसायची शक्यता खूप म्हणजे खूपच चांगली असते. तरी जो गाइड "बहुतेक दिसतोच, पण शेवटी जंगल आहे" असं म्हणतो ना, त्याचाच भरवसा धर. शंभर टक्क्याची गॅरंटी द्यायची तर प्राणी कुठेतरी कोंडलेला असला पाहिजे, दुसरं काय.

आता दुसरा ऑप्शन. मान्युएल अँटोनिओ पार्क वाईट आहे असं बिलकुल नाही, उलट फार सुंदर आहे, १९७२ पासूनचं नॅशनल पार्क, एकीकडे जंगल आणि एकीकडे समुद्र, मुख्य वाट बरीचशी सपाट, स्लॉथ दिसतात, माकडं तर भरपूर. पण सॅन होजेहून एका दिवसात जाऊन यायचं म्हणजे जायला साधारण तीन तास आणि यायला तीन तास, वाटेत तार्कोलेस नदीच्या पुलावर मगरी बघायला थांबणार, कुठे नाश्त्याला थांबणार, जेवण, मग पार्कमध्ये प्रत्यक्षात उरणार दोन-अडीच तास, तेही ऊन चढल्यावर, जेव्हा वाटेवर गर्दी असते आणि प्राणी सावलीत गप्प पडलेले असतात. म्हणजे ला फोर्तुनात हॉटेलपासून दहा-पंधरा मिनिटांवर जितका वेळ जंगलात मिळणार आहे तेवढाच इथे मिळणार, फक्त त्यासाठी अख्खा दिवस गाडीत आणि रांगेत घालवून. ऑपरेशन झालेला गुडघा सहा तास बसच्या सीटमध्ये दुमडून ठेवायचा, हे चालण्यापेक्षा जास्त त्रासाचं आहे, सासऱ्यांना विचार, तेच सांगतील. पाच जणांचे ८०० डॉलर होतात ते वेगळंच.

पुढेमागे कधी त्या बाजूला दोन रात्री राहायला गेलात तर मात्र जरूर जा, सकाळच्या पहिल्या स्लॉटला. तिकीट आधीच ऑनलाइन काढावं लागतं, गेटवर मिळेल या भरवशावर जाऊ नका, आणि मंगळवारी पार्क बंद असतं, आपल्या ताडोबासारखंच. गेटच्या अलीकडे रस्त्यावर युनिफॉर्मसारखे शर्ट घातलेली माणसं गाडी थांबवून "पार्किंग इथेच, गाइड इथेच घ्या" म्हणतात, तिथे न थांबता सरळ पुढे जायचं. खाण्याच्या डब्याबद्दल पण कडक आहेत, बॅगा तपासतात, कारण माकडांना माणसाच्या खाण्याची चटक लागली की ती अंगावर यायला लागतात. असो, ते पुढच्या वेळचं.

तर पहिला ऑप्शन, आणि हाच नीट पारखून घ्यायचा आहे, कारण ला फोर्तुनात अशा वॉकचे बोर्ड दर पावलावर आहेत आणि सगळे सारखे नाहीत. काही छोट्या खासगी ट्रेल्स आहेत, म्हणजे पूर्वी जिथे गुरं चरायची तिथे लोकांनी झाडं वाढू दिली, आणि हळूहळू पक्षी आले, बेडूक आले, स्लॉथ आले. अशा जागा मला फार आवडतात. वाट सपाट असते, झाडं अजून फार उंच नसतात म्हणून स्लॉथ थोडे खाली दिसतात, आणि ते स्वतःहून आलेले असतात, वाटेल तेव्हा निघूनही जाऊ शकतात. हा पहिला प्रश्न विचारायचा, स्लॉथ इथून बाहेर जाऊ शकतात का, की चारी बाजूंनी बंद केलंय? उत्तर गोलमाल आलं तर दुसरीकडे बघ.

दुसरं म्हणजे गाइड कोण आहे. कोस्टा रिकात टुरिझम इन्स्टिट्यूट गाइडना परवाना देते, त्यांच्याकडे ओळखपत्र असतं, ते विचारायला लाजू नकोस, चांगला गाइड अभिमानाने दाखवतो. आणि स्पॉटिंग स्कोप आहे का हे विचार, म्हणजे ट्रायपॉडवरची मोठी दुर्बीण. माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच आहे. स्लॉथ साठ-सत्तर फुटांवर पानांच्या मागे बसलेला असतो, नुसत्या डोळ्यांना तो फांदीत अडकलेल्या नारळाच्या ओल्या सोडणासारखा दिसतो, आणि मग गाइड ट्रायपॉड टेकवतो, फोकस करतो, म्हणतो बघा. मी पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा तो काख खाजवत होता. तीन लांब वाकडी नखं, पिवळट, केसांतून वरून खाली ओढत आणत होता, इतकं सावकाश की एका खाजवण्यात मी एकदा डोळा काढून परत लावला. केसांवर हिरवट झाक होती, ते शेवाळ असतं, खरंखुरं, त्याच्या केसांत वाढतं आणि त्यामुळे तो पानांत मिसळून जातो. आणि नखं फिरली तशी दोन-तीन बारीक पतंगं केसांतून उडाली आणि लगेच परत आत शिरली. ती तिथेच राहतात, त्याच्या अंगावर. हे सगळं कडेवर घेतलेल्या, धुऊनपुसून आणलेल्या पिल्लात कुणाला दिसणार आहे सांग.

आणि फोटोचं म्हणशील तर गाइड तुझा फोन घेऊन स्कोपच्या काचेला लावून फोटो आणि व्हिडिओ काढून देतात, त्यांचा हात बसलेला असतो, चेहरा अख्ख्या स्क्रीनभर येतो. ऑफिसमधल्या त्या फोटोपेक्षा लेकीला हा दाखवायला जास्त आवडेल बघ, कारण यात तो खरोखर काहीतरी करत असेल.

तिसरा प्रश्न ग्रुप किती जणांचा. तुम्ही पाच जण आहात, त्यात स्कोप एकच असणार, म्हणजे बारा-पंधरा जणांच्या ग्रुपमध्ये टाकलं तर लेकीच्या वाट्याला दोन सेकंद येणार आणि सासूबाई मागेच राहणार. पाच जणांचा वेगळा ग्रुप करून द्याल का, किती जास्त घ्याल, हे सरळ विचार, पाच जण असले की कधीकधी फरक फार नसतो. आणि लहान मूल आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा बरोबर आहेत हे बुकिंगच्या मेसेजमध्येच लिही, तिथे गेल्यावर सांगायचं ठेवू नकोस. वाट सपाट आहे का, पायऱ्या किती, मध्ये बसायला बाक आहे का, टॉयलेट आहे का, मध्येच एकाला परत यायचं झालं तर येता येतं का. ला फोर्तुनातले हँगिंग ब्रिज फार छान असतात पण तिथे साधारण ३ किलोमीटरची चढउतार असते आणि झाडांच्या शेंड्यांमधून चालताना स्लॉथ दिसतीलच असं नाही, त्यामुळे कुणी "त्याच पैशात ब्रिज पण देतो" म्हणालं तर भुलू नकोस. सासऱ्यांना घडीचं छोटं स्टूल मिळालं तर बरोबर घ्या. सतत मान वर करून बघण्यानेही त्रास होतो, स्कोपपाशी स्टूल ठेवलं की बसून बघता येतं.

रिव्ह्यू वाचायची पण एक पद्धत आहे. पाच स्टारवाले वाचत बसू नकोस, सगळे "अमेझिंग" म्हणतात. लोकांनी टाकलेले फोटो बघ. माणूस आणि स्लॉथ एकाच फोटोत, हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर, असे फोटो दिसले की ती जागा यादीतून काढ. गाइड फांदी हलवून त्याला जागं करतोय, खायला देऊन खाली बोलावतोय, असं कुणी कौतुकाने लिहिलेलं असतं, ते पण वाचून घे. आणि तीन स्टारवाले बघ, त्यात कुणी "फार लांबून दिसला, हलतच नव्हता" अशी तक्रार केली असेल तर ती माझ्या हिशेबाने शिफारस आहे.

वेळ सकाळची घे, सहा-सातचा स्लॉट मिळाला तर उत्तम. नोव्हेंबरच्या शेवटी डॅलस आणि कोस्टा रिकाची घड्याळं सारखीच असतात त्यामुळे झोपेचा घोळ होणार नाही, आणि तिथे अंधारही संध्याकाळी सहाच्या आत पडतो, मंडळी लवकर झोपतात. पाऊस मात्र ला फोर्तुनात वर्षभर कधीही येतो आणि नोव्हेंबरमध्ये तर येतोच. जोराच्या पावसात स्लॉथ डोकं पोटात घालून गोळा होऊन बसतो, दिसतो पण नुसता गोळा. पाऊस उघडून ऊन पडलं की तोच अंग पसरून उन्हात येतो, ती वेळ साधली तर मजा. म्हणून वॉक पोचल्याच्या दुसऱ्या दिवशीच सकाळी ठेव, शेवटच्या दिवशी नको, म्हणजे पावसाने घोळ घातलाच तर अजून एक सकाळ हातात राहते. पावसामुळे दिवस बदलून देता का, हाही बुकिंगचा प्रश्न आहे.

लेकीला जायच्या आधीच काहीतरी काम देऊन ठेव, म्हणजे हातात घेण्याचा हट्ट आपोआप मागे पडेल. कोस्टा रिकात स्लॉथ दोन जातींचे आहेत, दोन बोटांचे आणि तीन बोटांचे, आणि हा फरक फक्त हातांचा, पायाला दोघांनाही तीनच बोटं असतात, हे मोठ्यांनाही माहीत नसतं, तिला आजोबांची परीक्षा घेऊ दे. तीन बोटांच्याच्या डोळ्यांवरून काळी पट्टी गेलेली असते आणि तो मान जवळजवळ मागेपर्यंत फिरवू शकतो, कारण त्याच्या मानेत आपल्यापेक्षा जास्त मणके असतात. दोन बोटांचा अंगाने मोठा, नाक डुकरासारखं पुढे आलेलं, केस लांब, आणि तो जास्त करून रात्री हिंडतो. तीन बोटांच्या नराच्या पाठीवर नारिंगी-पिवळा ठिपका असतो, मध्ये काळी रेघ, तो दिसला की नर हे लांबूनही ओळखता येतं. आणि आठ वर्षांच्या मुलांना सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे स्लॉथ साधारण आठवड्यातून एकदाच शी करतो आणि त्यासाठी झाडावरून खाली उतरून येतो. वॉकमध्ये एखादा खाली उतरताना दिसलाच तर लांब उभं राहायचं, जमिनीवर तो सगळ्यात दुबळा असतो, हे तिला आधीच सांगून ठेव.

झाडं ओळखायला पण शिकव. तिथे सेक्रोपिया म्हणून झाड असतं, लोक ग्वारूमो म्हणतात, छत्रीसारखी हाताच्या पंज्याच्या आकाराची मोठी पानं, पांढुरकं सरळ खोड, फांद्या मोजक्याच. स्लॉथ बाकी बऱ्याच झाडांची पानं खातात पण या झाडात आडोसा कमी असतो म्हणून तिथे ते पटकन दिसतात. मुलं हे झाड एकदा ओळखायला लागली की गाइडच्या आधी स्लॉथ शोधतात, लेकीने शोधला तर त्या आनंदाची कशाशीच बरोबरी नाही.

सासू-सासरे खोलीवर आराम करत असतील त्या संध्याकाळी तू, नवरा आणि लेक नाइट वॉक करू शकता, तो वेगळा बुक करायचा, दीड-दोन तासांचा असतो. दोन बोटांचे स्लॉथ तेव्हा हालचाल करतात, शिवाय लाल डोळ्यांचा हिरवा बेडूक दिसू शकतो. टॉर्च गाइडच मारेल, तुम्ही प्राण्यांच्या डोळ्यांवर मारायची नाही, फ्लॅश बंद.

राहता राहिली जवळून बघण्याची हौस. ती पण पुरी होऊ शकते, बरोबर जागी. तुम्ही सॅन होजेला २ रात्री आहात ना, तिथून जवळ एरेदियाच्या बाजूला टुकान रेस्क्यू रँच आहे, जखमी आणि पोरके प्राणी आणून बरे करतात आणि जमेल त्यांना परत जंगलात सोडतात. आधी बुकिंग करून गाइडबरोबर फिरवतात, हात लावायचा नाही, पण स्लॉथ बराच जवळून बघता येतो आणि पैसे त्यांच्या औषधपाण्याला जातात. खरी रेस्क्यूची जागा कशी ओळखायची तर तिथले लोक प्राणी परत सोडण्याबद्दल बोलतात, हा इथे का आला आणि कधी जाणार ते सांगतात. बहुतेक गोष्टी त्याच असतात, विजेच्या उघड्या तारेचा शॉक, कुत्र्याने धरला, रस्ता ओलांडताना गाडीखाली आला. मधली झाडं तोडली की स्लॉथला या झाडावरून त्या झाडावर जायला तारा नाहीतर जमीन एवढंच उरतं, म्हणून कॅरिबियन बाजूला स्लॉथ कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे लोक झाडांच्या मध्ये दोरांचे पूल बांधतात. नुसतं नावात सँक्चुअरी किंवा रेस्क्यू लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नकोस, ते कुणीही लिहितं, हातात देतात का एवढंच विचार, हो म्हणाले की समजायचं. आणि फेसबुकवाल्याचे १५० डॉलर वाचलेत, त्यातले थोडे लेकीच्या हाताने अशा एखाद्या पुलासाठी दिलेत तर तिला ते आयुष्यभर पुरेल.

बारीकसारीक: पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे, पुढून बंद बूट, पातळ रेनकोट, डासांचं औषध, फोनला पिशवी. छत्री नको, वाटेवर मागच्याच्या डोळ्यात जाते. सकाळी लवकर निघायचं म्हणून सासूबाईंना उपाशी नेऊ नका, चार घास पोटात घालून निघा, खरा नाश्ता परत आल्यावर, गालो पिंतो म्हणजे भात आणि घेवड्याचे दाणे एकत्र परतलेले असतात, आपल्या माणसांना आवडतो, आणि जेवणात कसादो, म्हणजे तिथली भाताची थाळी, सांगताना "सिन कार्ने" म्हणायचं म्हणजे मांसाशिवाय देतात, तरी भाजी कशात परतली ते विचारून घ्या. गाइडला टिप द्यायला छोट्या डॉलरच्या नोटा बरोबर ठेवा, ज्याने अर्धा तास स्कोप सासऱ्यांच्या उंचीला लावून धरला त्याला हात आखडू नका.

थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात अमेरिकेतून भरपूर लोक तिकडे येतात आणि सकाळचे स्लॉट आणि चांगले गाइड सगळ्यात आधी जातात, तेव्हा आज रात्रीच तीन-चार ट्रेल्सना मेसेज टाक, वर सांगितलेलं सगळं एकाच मेसेजमध्ये विचार, आणि ज्याचं उत्तर मुद्द्याला धरून आलं, गुडघ्याबद्दल उलट दोन प्रश्न ज्याने विचारले, त्याचं बुक कर, मग तो माणशी पाच डॉलर जास्त घेत असला तरी.